विधी, नामधेय आणि अर्थवाद : प्रसाधन-व्यवसायाच्या मनःस्वास्थ्यविषयक भाषेचे परीक्षण

१

व्यापारी पेढीने आपल्या उत्पन्नाचा काही अंश लोकोपयोगी कार्यास द्यावा, ही प्रथा जुनीच आहे. आपल्याकडील अडत्यांच्या व घाऊक व्यापाऱ्यांच्या बिलांत मालाची किंमत, हमाली, तोलाई यांच्या जोडीला 'धर्मादा' अशी एक स्वतंत्र ओळ असे. रक्कम अल्प असली तरी ओळ निराळी असल्यामुळे मालाचे किती आणि धर्मकार्याचे किती, हे ग्राहकाला कळत असे. धर्मादा देणारा व्यापारी आपल्या गुळाच्या ढेपेला मात्र 'औदार्य' असे नाव देत नसे. मालाची भाषा आणि दानाची भाषा या दोन भाषा होत्या आणि त्यांच्यातील सीमारेषा बिलावरच आखलेली असे.

गेल्या काही वर्षांत, विशेषतः अमेरिकेतील प्रसाधन-व्यवसायात, ही सीमारेषा पुसट झालेली दिसते. अनेक प्रसाधन-कंपन्यांनी मानसिक आरोग्य हे आपल्या साहाय्याचे क्षेत्र म्हणून निवडले आहे. त्यासाठी निधी स्थापन झाले असून ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या संस्थांशी भागीदारीही झाली आहे. या कार्याचा अर्थशास्त्रीय किंवा वैद्यकीय हिशेब मांडणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय नव्हे. येथे विचार करावयाचा आहे तो या साहाय्याच्या भाषेचा. कंपनी दानाविषयी जे वाक्य उच्चारते ते कोणत्या जातीचे आहे, मालाला जी नावे देते ती कोणते कार्य करतात, आणि या दोहोंच्या मिश्रणाने आजारी माणसाच्या शब्दसंपत्तीचे काय होते, हे तीन प्रश्न त्यात अंतर्भूत आहेत.

या परीक्षणासाठी मीमांसाशास्त्रातील वाक्यविवेक उपयोगी पडण्यासारखा आहे. लौगाक्षिभास्कराच्या 'अर्थसंग्रहा'त वेदवाक्यांचे विधी, मंत्र, नामधेय, निषेध व अर्थवाद असे पाच विभाग केलेले आहेत. त्यांपैकी मंत्र हा विभाग येथे प्रस्तुत नाही. विधिवाक्य काही करावयास सांगते आणि निषेधवाक्य काही करण्यापासून परावृत्त करते. अर्थवाद स्तुती किंवा निंदा करतो. वायू ही शीघ्रगामी देवता आहे, हे वाक्य एकटे घेतले तर त्यातून कर्तव्य असे काहीच निष्पन्न होत नाही. वायूप्रीत्यर्थ याग करावा या विधीशी त्याची एकवाक्यता झाली, म्हणजे मात्र त्याला प्रयोजन प्राप्त होते. नामधेयाविषयीही मीमांसकांचे म्हणणे असेच नेमके आहे : जे करावयाचे त्याची मर्यादा नाव निश्चित करते, म्हणून ते सार्थ. याज्ञिकांच्या गरजेतून निर्माण झालेली ही कसोटी आजच्या व्यापारी वाङ्मयाला लावण्यात काहीसे वैचित्र्य वाटेल. परंतु स्तुतीने भरलेल्या गद्यातून कर्तव्य वेगळे काढावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

२

प्रथम विधिवाक्ये पाहू. प्रसाधन-व्यवसायातील अशा साहाय्याचा बहुचर्चित पूर्वावतार मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील नाही. कॅनडातील टोरोंटो येथे उदयास आलेल्या मॅक या कंपनीने १९९४ साली 'व्हिवा ग्लॅम' नावाची लिपस्टिक बाजारात आणली आणि तिच्या विक्रीची संपूर्ण किंमत एचआयव्ही-एड्सग्रस्तांच्या साहाय्यासाठी दिली जाईल, असे जाहीर केले. या मार्गाने ५० कोटी डॉलरांहून अधिक निधी जमल्याचे कंपनी सांगते. फिलॉसॉफी या कंपनीने २०१४ साली 'होप अँड ग्रेस' हा उपक्रम सुरू करून आपल्या मालाच्या विक्रीतील १ टक्का स्त्रियांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्याचे ठरविले. लॉरेआल समूहातील मेबलीनने २०२० साली 'ब्रेव्ह टुगेदर' या नावाखाली चिंताविकार व नैराश्य यांसंबंधीच्या कार्यासाठी पाच वर्षांत १ कोटी डॉलरांचे वचन दिले. त्याच वर्षी गायिका व अभिनेत्री सेलेना गोमेझ हिने स्थापन केलेली रेअर ब्यूटी ही कंपनी सप्टेंबरमध्ये बाजारात उतरली. तिच्या रेअर इम्पॅक्ट फंडाने दहा वर्षांत १० कोटी डॉलर उभे करण्याचा संकल्प सोडला, आणि कंपनीने आपल्या सर्व विक्रीतील १ टक्का या निधीस देण्याचे मान्य केले.

वरवर पाहता ही चार वाक्ये सारखीच वाटतात. त्यांचे व्याकरण मात्र भिन्न आहे. मॅकच्या वाक्यात वस्तू एक आणि अंश संपूर्ण. फिलॉसॉफी व रेअर ब्यूटी यांच्या वाक्यांत वस्तू सर्व आणि अंश शंभरावा. मेबलीनच्या वाक्यात विक्रीचा उल्लेखच नाही. तेथे ठरावीक रक्कम आणि ठरावीक मुदत आहे. पहिल्या वाक्यात ग्राहकाने दिलेला पैसा आणि रुग्णाला मिळणारा पैसा एकच असतो. दुसऱ्या प्रकारात वीस डॉलरांच्या वस्तूमागे वीस सेंट निधीकडे जातात. ग्राहकाच्या मनात उरणारी दानाची जाणीव बहुधा त्याहून पुष्कळच मोठी असते. तिसऱ्या प्रकारात ग्राहकाच्या खरेदीचा आणि दानाचा थेट संबंध नाही. रोखठोक हिशेबाच्या दृष्टीने हा प्रकार प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण माल घेतला नाही तरी वचन तसेच राहते.

रेअर ब्यूटीच्या संकल्पात तर दोन क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. १ टक्का 'द्यावयाचा' आहे. १० कोटी डॉलर मात्र 'उभे करावयाचे' आहेत. देणे आणि उभारणे यांत मराठीतही मोठे अंतर आहे. देणाऱ्याचा हात आपल्या खिशात जातो. उभारणारा झोळी घेऊन दहा दारांत जाऊ शकतो, आणि त्यात गैर असे काहीच नाही. केवळ १ टक्क्यातून १० कोटी डॉलर जमावयाचे, तर दहा वर्षांत १,००० कोटी डॉलरांची, म्हणजे दरसाल सरासरी १०० कोटी डॉलरांची विक्री व्हावयास हवी. म्हणूनच या संकल्पात अन्य दात्यांचा व भागीदारांचा वाटा आरंभापासून गृहीत आहे. 'उभे करणे' हे क्रियापद कंपनीने जाणीवपूर्वक व यथार्थ वापरले आहे. दोष असेलच तर तो त्या क्रियापदाचे कानावर पडताक्षणी 'देणे' असे भाषांतर करणाऱ्या वृत्तलेखकांचा आणि वाचकांचा होय.

याच वाक्याचा एक गुणही नोंदविला पाहिजे. अंश विक्रीचा आहे, नफ्याचा नव्हे. नफा हा हिशेबाअंती उरणारा आकडा असून तो शून्यही असू शकतो. विक्री झाली की अंश लागू झाला. त्यातून सुटका नाही. संख्या, आधार, मुदत व क्रियापद ही चारही अंगे ज्यात स्पष्ट आहेत, अशा वाक्याला विधिवाक्याची प्रतिष्ठा द्यावयास हरकत नाही. दहा वर्षांनी त्याचा पडताळा घेता येतो, आणि पडताळा घेता येणे हेच वचनाचे लक्षण आहे.

या ठिकाणी भारतीय कायद्याची तुलना उद्बोधक ठरेल. अमेरिकेत कंपनीवर अशा दानाची सक्ती नाही. भारतात २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या १३५ व्या कलमानुसार विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावयाची असते. येथे अंश दुप्पट असला तरी आधार नफ्याचा आहे. परंतु भाषाभ्यासकाचे लक्ष वेधते ती २०२१ साली सुधारलेल्या नियमांतील एक तरतूद. आपल्या मालासाठी विक्रीविषयक लाभ मिळावा म्हणून प्रायोजकत्वाने केलेले कार्य या दायित्वात धरले जात नाही. जुन्या बिलावरील धर्माद्याची निराळी ओळ कायद्याने पुन्हा आखली, असे म्हटले तरी चालेल.

३

आता नामधेयांकडे वळू. रेअर ब्यूटीच्या गालांवर लावावयाच्या द्रवरूप लालीच्या छटांना 'होप', 'जॉय', 'ब्लिस', 'ग्रेस', 'फेथ', 'एन्करेज' अशी नावे आहेत. आशा, आनंद, परमानंद, कृपा, श्रद्धा, धीर देणे हे त्यांचे अर्थ. तिच्या एका लिपस्टिकचे नाव 'काइंड वर्ड्स' म्हणजे प्रेमळ शब्द; लालीच्या दुसऱ्या एका प्रकाराचे 'स्टे व्हल्नरेबल'; अंगाला लावावयाच्या प्रसाधनांच्या मालिकेचे 'फाइंड कम्फर्ट', म्हणजे विसावा शोधा. 'ऑल्वेज अॅन ऑप्टिमिस्ट', सदैव आशावादी, हेही एका मालिकेचे नाव आहे. ही रीत याच कंपनीने प्रचारात आणली असे नाही. फिलॉसॉफीचे 'होप इन अ जार', बरणीतील आशा, हे मलम आणि 'अमेझिंग ग्रेस' हे सुगंधी द्रव्य तिच्या उपक्रमाच्या आधीपासून प्रसिद्ध होते. 'होप अँड ग्रेस' या नावातील दोन्ही शब्द कंपनीच्या मालाच्या नावांत पूर्वीच वावरत होते. मालाचे नाव दानाला मिळाले की दानाची पुण्याई मालाला लाभली, हे सांगणे तेथे कठीण होते.

छटेला 'आशा' म्हणणे हा लक्षणेचा प्रयोग म्हणावा काय? आलंकारिकांनी लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी काही संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. आशा म्हणजे रंग नव्हे, तेव्हा बाध आहेच. माल खपावा हे प्रयोजनही आहे. उणीव आहे ती संबंधाची. मराठीतील रंगनामे याच्या उलट बाजूस उभी आहेत. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, शेवाळी, मोरपंखी या प्रत्येक नावामागे डोळ्यांनी पाहिलेली वस्तू आहे. 'अबोली' हा शब्द तर या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. न बोलणारी, हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ मनाच्या अवस्थेकडे झुकणारा आहे. परंतु रंगापर्यंत तो पोहोचतो तो फुलाच्या वाटेने. लुगडे निवडणाऱ्या बाईला त्या नावाने रंग निश्चित कळतो. 'होप' या नावावरून छटा गुलाबी की तांबूस, याचा उलगडा होत नाही. मीमांसकांच्या भाषेत बोलावयाचे तर हे नामधेय कशाचीच मर्यादा निश्चित करीत नाही. ते नावाचे रूप धारण केलेला अर्थवादच आहे.

अर्थवाद म्हणून तो वाईट, असे मात्र नाही. खरा प्रश्न एकवाक्यतेचा आहे. विक्रीतील १ टक्क्याच्या विधीशी ही नावे जोडली जातात काय? 'होप' विकली गेली म्हणून 'जॉय'हून अधिक अंश रुग्णांकडे जात नाही. 'फाइंड कम्फर्ट' या मालिकेचे उत्पन्न विसावा देणाऱ्या संस्थांना अन्य मालाहून अधिक मिळते, असेही त्या नावातून सूचित होत नाही. नावे निराळी असोत वा नुसते क्रमांक असोत, विधी तोच राहतो. अर्थात ही स्तुती विधीची नसून मालाची आहे, आणि विधीच्या सान्निध्यामुळे ती विधीचीच आहे असा भास होतो. सान्निध्य आणि एकवाक्यता यांतील हा भेद विसरला की, गालावर लाली लावणे हेच मनःस्वास्थ्याचे कार्य आहे अशी समजूत नकळत रुजते.

'व्हल्नरेबल' या एका शब्दाची गती पाहिली म्हणजे या मिश्रणाचा परिणाम स्पष्ट होईल. हा शब्द लॅटिनमधील जखम या अर्थाच्या शब्दापासून आला. ज्याला जखम होऊ शकते तो व्हल्नरेबल. सामाजिक संस्थांच्या अहवालांत हा शब्द धोक्याची सूचना देणारा आहे : छळाला, दारिद्र्याला, आत्मघाताच्या विचारांना बळी पडण्याचा संभव ज्यांच्या बाबतीत अधिक, ती माणसे. प्रसाधनाच्या डबीवर त्याच शब्दाला आज्ञार्थी क्रियापद जोडले आहे. तेथे त्याचा अर्थ मोकळ्या मनाचा, भावना न लपविणारा, असा होतो, आणि त्या अवस्थेत 'राहा' असे सांगितले जाते. निधीचे साहाय्य घेणारी संस्था ज्या अवस्थेतून माणसांना बाहेर काढू पाहते, त्या अवस्थेचे नाव निधी देणाऱ्याच्या मालावर आदर्श म्हणून झळकते. दोन्ही अर्थ इंग्रजीत रूढ आहेत, त्यामुळे भाषेची चूक कोणतीच नाही. तथापि दाता व भागीदार एकच शब्द दोन विरुद्ध अर्थांनी वापरीत असतील, तर त्यांच्या संवादात कोणाचा अर्थ टिकेल, हे सांगावयास भाषाशास्त्र लागत नाही. ज्याचा आवाज दुकानादुकानांत पोहोचतो त्याचा टिकेल.

४

या टीकेला एक सबळ उत्तर आहे आणि त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाणे न्याय्य होणार नाही. मानसिक आजाराविषयी बोलण्याचीच ज्या समाजात लाज वाटते, तेथे हलक्याफुलक्या शब्दांनी का होईना, विषय जिभेवर येणे हे मोठे काम आहे; तरुण मुलींपर्यंत वैद्यकीय पुस्तिका पोहोचत नाही, लिपस्टिक पोहोचते, असे ते उत्तर. ते खोटे नाही. १९९४ मध्ये एड्सचे नाव उच्चारणेही अवघड असताना मॅकने लिपस्टिकच्या साहाय्याने ते उच्चारले. परंतु ते काम साधले ते नाव घेऊनच, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. त्या निधीच्या नावातच रोगाचे नाव होते : मॅक एड्स फंड.

मानसिक आजारांच्या बाबतीत नामकरणाचा इतिहास निराळ्या दिशेने गेला आहे. स्वतः रुग्णालयात राहून आलेल्या क्लिफर्ड बिअर्स या अमेरिकन गृहस्थाने १९०८ साली आपली कहाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि पुढील वर्षी जी राष्ट्रीय समिती स्थापिली तिचे ध्येय 'मेंटल हायजीन', म्हणजे मनाची आरोग्यरक्षा, असे म्हटले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर 'मेंटल हेल्थ' ही संज्ञा स्थिरावली. अमेरिकेत मे महिना मानसिक आरोग्याचा महिना म्हणून पाळण्याची प्रथा १९४९ पासूनची आहे. आपल्याकडे १९१२ चा ल्युनसी अॅक्ट वेडेपणाचे नाव घेत होता. १९८७ च्या कायद्याच्या नावात मानसिक आरोग्य आले आणि २०१७ च्या कायद्याच्या नावात मानसिक आरोग्यसेवा. नाव आजाराकडून आरोग्याकडे आणि आरोग्याकडून सेवेकडे सरकत गेले. मानहानी टळावी हा त्यामागील हेतू स्तुत्य होता आणि तो पुष्कळ अंशी साधलाही. मात्र 'मानसिक आरोग्य' हा शब्द इतका व्यापक झाला की, परीक्षेपूर्वीची धास्ती आणि छिन्नमनस्कता ही दोन्ही त्याच्या एकाच छत्राखाली बसतात. व्यापारी भाषेला हे छत्र सोयीचे पडते. त्याखालील सौम्य, सर्वांना ओळखीचे असे टोक तिला दाखविता येते आणि दुसरे टोक नाकारावेही लागत नाही.

रेअर ब्यूटीच्या बाबतीत ही टीका सरसकट लागू होत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. संस्थापिकेने एप्रिल २०२० मध्ये, कंपनीचा माल बाजारात येण्यापूर्वी, आपल्याला द्विध्रुवी विकार असल्याचे जाहीरपणे सांगितले. २०२२ च्या 'माय माइंड अँड मी' या अनुबोधपटात तो अनुभव विस्ताराने आला आहे. आजाराचे नेमके नाव प्रथम पुरुषात उच्चारणे ही बिअर्सच्या परंपरेतील कृती होय. तिचे मोल साऱ्या छटांच्या नावांहून अधिक आहे, कारण 'होप' हे नाव कोणीही कशालाही देऊ शकतो, पण 'हा विकार मला आहे' हे वाक्य उच्चारणाऱ्याला त्याची किंमत स्वतः मोजावी लागते.

याच कंपनीने 'युअर वर्ड्स मॅटर' ही मोहीम चालविली. मानसिक आजारांसंबंधी बोलताना शब्द जपून वापरावेत, असे तिचे आवाहन होते. इंग्रजीत लहरी हवेला 'बायपोलर' म्हणणे किंवा टापटिपीच्या आवडीला 'ओसीडी' म्हणणे आता सर्रास चालते. आजाराचे नाव अशा रीतीने थट्टेचे झाले, की खऱ्या रुग्णाला आपला त्रास सांगण्यासाठी शब्द उरत नाही. तो बोलला तरी ऐकणारा हसतो. मोहिमेमागचे हे तत्त्व अर्थशास्त्राच्या नव्हे, अर्थविज्ञानाच्या दृष्टीने अचूक आहे : अतिवापराने अर्थ झिजतो.

आणि म्हणूनच ते तत्त्व मोहीम चालविणाऱ्यांनाही लागू करावे लागते. आजाराची नावे जपावयाची, तर बरे होण्याची नावे का जपावयाची नाहीत? नैराश्याच्या गर्तेतून वर येणाऱ्या माणसाला आशा, धीर, विसावा, श्रद्धा यांखेरीज दुसरे शब्द कोठे आहेत? हे शब्द गालांवरच्या लालीच्या छटा झाले, वर्षावर्षाला नव्या छटांसाठी नवे सद्गुण शोधले जाऊ लागले, तर 'बायपोलर' या शब्दाची जी झीज मोहिमेला खुपते तीच झीज 'होप' या शब्दाचीही होणार. ही झीज हळू होते आणि कोणाला दुखवीत नाही, एवढाच काय तो फरक.

५

रेअर ब्यूटीचा माल २०२३ पासून भारतातही विकला जातो. त्यामुळे या भाषेचा मराठी भाषिकांशी येणारा संबंध आता केवळ वाचनापुरता राहिलेला नाही. शब्द जपून वापरण्याचा निषेधविधी मराठीत उतरवावयाचा, तर काय घडेल?

इंग्रजीतील नियम जसाच्या तसा आणला तर पहिला आरोपी 'वेड' हा शब्द ठरेल. परंतु मराठीत 'वेड' फक्त आजाराचे नाव कधीच नव्हते. नाटकाचे वेड असते, एखाद्या मुलाचे खूळ असते, आई लेकराला 'वेडं गं माझं बाळ' म्हणते. २०२२ साली 'वेड' याच नावाचा मराठी चित्रपट आला तेव्हा प्रेक्षकांना तो रुग्णालयाविषयी असेल असे वाटले नाही. याच शब्दाने एखाद्या कुटुंबातील आजारी माणसाला आयुष्यभर हिणविलेही जाते. शब्द एकच, वाक्य निराळे, नाते निराळे. शब्दांची यादी करून ती निषिद्ध ठरविणारी मोहीम हा भेद टिपू शकत नाही. मराठीत जपावयाचे आहे ते वाक्य, आणि ते कोण कोणाला बोलतो याचे भान.

त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आजारी माणूस 'माझे मानसिक आरोग्य ठीक नाही' असे म्हणत नाही. तो समास शिक्षितांनी इंग्रजीवरून घडविला. तो म्हणतो, 'जीव रमत नाही', 'कशात राम वाटत नाही', 'मन उडालं', 'जिवाला घोर लागलाय', 'छातीत धडधडतं', 'टेन्शन आलंय'. येथे दुःखाचे स्थान कधी मन, कधी जीव, कधी छाती असे बदलते. 'मन' व 'जीव' यांची ही वाटणी शब्दकोशात नीट नोंदलेली नाही, पण तक्रार ऐकणाऱ्याला ती ठाऊक असावी लागते. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेचे कार्य या दृष्टीने मननीय आहे. तिने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक म्हणून प्राथमिक आरोग्यकेंद्रांत नेमले. नैराश्य व चिंताविकार यांवरील या पद्धतीच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि सरकारी केंद्रांत ती उपयुक्त ठरल्याचे त्यांत दिसून आले. आरोग्यकेंद्रात येणारा माणूस बहुधा झोपेची, थकव्याची किंवा अंगदुखीची तक्रार घेऊन येतो. त्या तक्रारीतून मनाचा त्रास ओळखणारा माणूस त्याच्याच भाषेत वाढलेला असेल तर ते काम सुकर होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनीसेवा मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालते, त्याचेही कारण हेच.

निधीचे साहाय्य घेणाऱ्या संस्थेचे खरे भांडवल म्हणजे ही ऐकण्याची भाषा होय. दात्याच्या अहवालात शोभून दिसावे म्हणून तिने आपली भाषा सोडून दात्याची भाषा उचलली, 'जीव रमत नाही' याच्या जागी सर्वत्र 'वेल-बीइंग' लिहू लागली, तर निधी वाढेल आणि ऐकणे कमी होईल. हा धोका कोणत्याही एका कंपनीच्या हेतूतून उत्पन्न होत नाही. जेथे देणारा शब्दांचाही व्यापार करतो, तेथे तो संबंधातच असतो.

६

येथवर विधी, नामधेय आणि अर्थवाद यांचा विचार झाला. निषेधाचे आणखी एक उदाहरण घेऊन हे परीक्षण पुरे करता येईल. सप्टेंबर २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्राने फेसबुकच्या अंतर्गत संशोधनाचे कागद उजेडात आणले. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींची स्वतःच्या शरीराविषयीची भावना अधिक बिघडते, असे त्या संशोधनात आढळले होते. त्यानंतर २६ नोव्हेंबर २०२१ रोजी लश या ब्रिटिश प्रसाधन-कंपनीने ४८ देशांतील आपली फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक व स्नॅपचॅट यांवरील खाती बंद केली. ही माध्यमे सुरक्षित होईपर्यंत आपण तेथे राहणार नाही, असे तिने जाहीर केले. या कृतीतही प्रसिद्धीचा लाभ होता, हे नाकारता येणार नाही. तथापि तिचे स्वरूप निराळे होते. प्रसाधन-व्यवसाय ज्या माध्यमांवर आज पोसला जातो, त्यांतीलच काही तिने सोडली. नफ्यातून काही देणे आणि नफ्याची वाट अडविणे यांत दुसरी गोष्ट अवघड.

लशचा निषेध श्रेष्ठ आणि रेअर ब्यूटीचा विधी कनिष्ठ, असा निवाडा देणे मात्र उतावळेपणाचे होईल. खाती बंद केल्याने एकाही रुग्णाच्या उपचाराचा खर्च भागत नाही; १ टक्क्याने भागतो. दोन्ही वाक्ये पडताळून पाहता येण्याजोगी आहेत, म्हणून दोन्ही गंभीरपणे घेण्याच्या योग्यतेची आहेत. या निकषावर न टिकणारे जे उरते ते म्हणजे डब्यांवरचे सद्गुण. 'कॉस्मेटिक' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ सुव्यवस्था व अलंकरण असा आहे, आणि 'प्रसाधन' या शब्दातील धातूचा अर्थ सिद्धीस नेणे हा. इंग्रजीत आज 'कॉस्मेटिक' म्हणजे वरवरचे, असाही एक अर्थ रूढ झाला आहे. ज्या व्यवसायाच्या नावालाच अर्थाच्या झिजेचा असा अनुभव आहे, त्याने इतरांच्या शब्दांविषयी अधिक दक्ष असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मराठीतील अशा प्रकारच्या वाङ्मयाचा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे. तो करणाऱ्याने प्रत्येक जाहीर वचनापुढे काही साधे प्रश्न ठेवावेत : देणारा कोण, अंश कशाचा, मुदत किती, क्रियापद देण्याचे की उभारण्याचे, आणि सोबतची स्तुती त्या वचनाला चिकटलेली आहे की मालाला. यानंतर एक प्रश्न भागीदार संस्थेला विचारावा. रात्री उशिरा दूरध्वनी करून एखादी मुलगी 'काही नाही, नुसता जीव घाबरा होतोय' एवढेच म्हणाली, तर पलीकडच्या माणसाला ते वाक्य कळते काय? निधीचा विनियोग झाला की नाही, हे त्या उत्तरावरून ठरवावयाचे आहे.